पट्टीवरची दुसरी रेघ

ती रेघ मला दिसली होती की नाही, हे मला आजही खात्रीनं सांगता येत नाही. दोन बोटांएवढी प्लॅस्टिकची पट्टी, तिच्या मधोमध एक छोटी खिडकी आणि खिडकीत एक ठसठशीत गुलाबी रेघ. ती यायचीच. ती आली म्हणजे पट्टी चांगली आहे, एवढाच तिचा अर्थ. प्रश्न दुसऱ्या रेघेचा असायचा. दुसरी उमटली तर नमुन्यात साल्मोनेला नावाचा जंतू असल्याचा संशय. नाही उमटली तर माल मोकळा. पण ती धड उमटलीही नाही आणि उमटली नाही असंही म्हणवेना, तर काय करायचं? पट्टीबरोबर आलेल्या माहितीपत्रकात त्याचंही उत्तर होतं. ते आम्ही दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा आम्हाला त्याचा वेगळा अर्थ लागला.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे मी नेमकं काय शिकते हे घरी सांगायची पंचाईत असायची. आम्ही परभणीकडचे, बौद्ध. भाईंदर पूर्वेला खारी गावात भाड्यानं राहायचो. वडील स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशचं काम करायचे, संध्याकाळी घरी यायचे ते नाकपुड्यांपर्यंत काळे होऊन. शेजारच्या गुजराती भाभीनं माझ्याबद्दल विचारलं की आई तिच्या हिंदीत सांगायची, "वो कीडों का पढती है." भाभी म्हणायची, "अच्छा, दवाई छिडकने का?" आई मान हलवायची. तिला तरी कुठं माहीत होतं.

सुट्टीत मला काशीमीऱ्याच्या एका खाजगी लॅबमध्ये प्रोजेक्टसाठी जागा मिळाली. हायवेला लागून असलेल्या इमारतीत खाली गॅरेज, वर लॅब. ट्रक गेला की टेबल थरथरायचं आणि सूक्ष्मदर्शकाखालचं सगळं जग इकडून तिकडे व्हायचं. लॅबमध्ये एक मॅडम होत्या, लग्नानंतर दादरहून मीरा रोडला राहायला आलेल्या, काचसामान धुणारे एक काका होते, आणि मी. परदेशी जाणाऱ्या कोळंबीचे नमुने तपासायला यायचे. जुन्या पद्धतीनं नमुना आधी पोषक द्रवात रात्रभर उबेत ठेवायचा, मग दुसऱ्या द्रवात, मग काचेच्या बशीत पसरायचा, उगवलेले ठिपके वेगळे काढायचे, नळ्यांमध्ये घालून त्यांची ओळख पटवायची. पाच-सहा दिवस सहज जायचे. तोपर्यंत माल शीतगृहात आणि व्यापारी फोनवर. म्हणून ही नवी पट्टी मागवलेली. सुरुवातीचं उबवणं हिलाही लागायचं, पण त्यानंतर चार थेंब टाकले की पंधरा मिनिटांत उत्तर. मॅडम मात्र सावध होत्या. प्रत्येक नमुना त्या दोन्ही पद्धतींनी लावायच्या.

"पट्टी फक्त संशय सांगते," त्या मला म्हणायच्या. "खात्री बशी आणि नळी देते. हे डोक्यात पक्कं कर."

मी पक्कं केलं. निदान तसं वाटलं.

माझी आई त्या वेळी मुर्ध्याला कोळंबी सोलायला जायची. खाडीकाठी, पूर्वी मिठागर होतं त्याच्या कडेला पत्र्याची शेड होती. आत सिमेंटची जमीन, लांब टेबलं, बर्फ. बाहेर मातीचं मोठं अंगण. शेड गावातल्याच एका आगरी बाईची होती. सगळ्या जणी तिला मामी म्हणायच्या. मजुरी टोपलीमागे. बर्फानं बायकांची बोटं बधिर व्हायची आणि कोळंबीच्या डोक्यावरचा काटा नखाखाली शिरायचा. आई घरी आली की तुरटीच्या पाण्यात हात बुडवून बसायची. मला तिनं त्या शेडमध्ये कधी पाऊल टाकू दिलं नव्हतं. "तुझे हात पेनाला ठेव," म्हणायची.

आणि एका सकाळी मॅडम म्हणाल्या, "चल, आज मुर्ध्याला जायचंय. तिथल्या शेडचे नमुने घ्यायचेत."

मुर्ध्यात तशा शेडा दोन-तीन होत्या. रिक्षा कुठं वळते ते मी बघत होते. रिक्षा वळली तिथंच.

अंगणात पाय ठेवताना मला पहिल्यांदा काय वाटलं ते मी प्रामाणिकपणे सांगते: बरं वाटलं. अंगण नुकतंच शेणानं सारवलेलं होतं. कडा अजून ओलसर होत्या. एकात एक गुंतलेले अर्धगोल शेडच्या दारापर्यंत गेले होते, आणि ते अर्धगोल मी ओळखले. गावी आमच्या घराची जमीन अशीच सारवलेली असायची. तसा हात फिरवणारी बाई मला एकच माहीत होती.

मामी दारातच उभी होती, नवी साडी नेसून. "तुमी येनार म्हनून सगला सारवून घेतलाय," ती मॅडमना म्हणाली. "आतमदी पन ब्लिचिंगची पावडर मारून धुवलाय. बगा, कचरा हाय कं कुठं?"

मॅडम कडेकडेनं पाय टाकत म्हणाल्या, "छान, छान," आणि घड्याळ बघत आत गेल्या. अंगणाचा नमुना घ्यायचा नव्हता. आमच्या यादीत कोळंबी होती, टेबल होतं, पाणी, बर्फ आणि सोलणाऱ्या बायकांचे हात.

हातांचं काम माझ्याकडे आलं. निर्जंतुक पाण्यात भिजवलेला काडीवरचा कापूस तळहातावर, बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडेनं फिरवायचा आणि नळीत टाकून बूच लावायचं. नळीवर नाव नाही, फक्त खूण. बायका रांगेत उभ्या राहिल्या. लग्नात मेंदी काढायला उभ्या असाव्यात तशा हसत होत्या.

"ए पोरी, भविष्य पन सांगतेस कं?" एकीनं विचारलं.

"हिचा दुसरा नवरा बघ गं हातात," दुसरी म्हणाली.

आई रांगेत होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. म्हणजे एकदा बघितलं आणि लगेच नजर बर्फाच्या लादीवर नेली. मला कळलं की ती ओळख दाखवणार नाही. माझ्या मॅडमसमोर मला कमीपणा येऊ नये म्हणून, की शेडमधल्या बायकांना तिनं माझ्याबद्दल काही सांगितलंच नव्हतं म्हणून, ते कळलं नाही. तिचा नंबर आला. बाकी सगळ्यांना म्हटलं तेच मी तिला म्हटलं, "हात पुढे करा." तिनं केले. तळवे वर. मी काडी फिरवली. जिथं काटे शिरले होते तिथं काळे ठिपके होते, ते मी रोज बघायचे. पण इतक्या उजेडात, इतक्या जवळून, हातमोजे घालून कधी बघितले नव्हते.

"उलटे करा."

तिनं उलटे केले. मग ती आपल्या टेबलाकडे गेली. मी नळीवर खूण केली. खूण लक्षात ठेवायची नाही असं ठरवलं, आणि ठरवल्यामुळेच ती लक्षात राहिली.

परतताना रिक्षात मॅडमना सांगावं असं दोनदा मनात आलं. पण काय सांगायचं? त्यातली एक बाई माझी आई आहे, एवढंच? त्यानं नमुन्यात काय फरक पडणार होता? मी रस्त्याच्या कडेचे मिठाचे ढीग बघत बसले.

दोन दिवसांनी पट्ट्या लावल्या. कोळंबी: एक रेघ. टेबल: एक. पाणी, बर्फ: एक, एक. हातांच्या नळ्या आल्या. एक, एक, एक. मग त्या खुणेची पट्टी. पंधरा मिनिटं झाली. मॅडमनी ती उचलून खिडकीकडे नेली, उलटसुलट धरली.

"काका, जरा या. काय दिसतंय?"

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "एकच हाय मॅडम." मग चष्मा खाली घेतला. "थांबा. सावलीसारखं कायतरी हाय."

"तुझे डोळे तरुण आहेत. तू बघ," मॅडम मला म्हणाल्या.

मी पट्टी हातात घेतली. बघितलं तर रेघ होती. डोळे मिटून उघडले तर नव्हती. कोन बदलला, परत आल्यासारखी वाटली. मला ती दिसत होती, की तिथं असू नये असं वाटत होतं म्हणून मी तीच शोधत होते? आणि दिसत नव्हती, ती खरंच नव्हती म्हणून, की मला बघायची नव्हती म्हणून? आपले डोळे आपलं ऐकत असतील असं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. कॉलेजात शिकवलं होतं की निरीक्षण करणाऱ्यानं मध्ये यायचं नसतं. मी तर सगळीच मध्ये आले होते.

"मॅडम, मला नाही सांगता येणार," मी म्हटलं.

"का? लाजतेस काय? हो किंवा नाही."

"तो माझ्या आईचा हात आहे."

खाली गॅरेजमध्ये कुणीतरी पत्रा ठोकत होतं. मॅडमनी माझ्या हातातून पट्टी काढून घेतली, अगदी हळू. "मग तू बघू नकोस," त्या म्हणाल्या. रागावून नाही. पण मला ते रागावण्यापेक्षा जड गेलं.

मॅडमनी त्याच नळीतले थेंब घालून दुसरी पट्टी लावली. तीही तशीच, आहे-नाही. शेवटी त्या म्हणाल्या, पुसट असली तरी रेघ ती रेघ, माहितीपत्रकात हेच म्हटलंय. मग त्यांनी व्यापाऱ्याला फोन केला. मी शेजारीच उभी होते. त्यांचे शब्द मी ऐकले: "माल स्वच्छ आहे. एका हाताच्या नमुन्यावर फक्त संशय आहे, पक्कं काही नाही. खात्रीची तपासणी चालू आहे, आठवडाभर जाईल. तोपर्यंत कुणालाही काही ठरवू देऊ नका."

खूण कोणाची ते त्यांनी सांगितलं नव्हतं. व्यापाऱ्याच्या माणसानं नंतर विचारून घेतलं असणार. कितव्या खुणेला रांगेतली कितवी बाई हा क्रम आमच्या वहीत होताच, आणि मागितला तर तो देणं लॅबला भाग होतं. फोन काशीमीऱ्याहून निघाला तेव्हा त्यात संशय होता. मुर्ध्याला पोचेपर्यंत त्याचं काय झालं ते संध्याकाळी घरी कळलं.

आई उंबऱ्यात बसली होती. तिची घरी यायची ही वेळ नव्हती.

"माझ्या हातात जंतू निघालेत म्हणं," ती म्हणाली. "निवाडा लागेपस्तोर येऊ नको म्हणली मामी. समद्यांसमोर म्हणली."

"आई, तो फक्त संशय आहे गं. पट्टी कधीकधी..."

"तू व्हतीस ना तिथं? तूच काडी फिरवलीस."

"हो."

"मग तुला काय दिसलं?"

मी सांगायचा प्रयत्न केला. एक रेघ नेहमी येते, दुसरी पुसट होती, पुसट म्हणजे संशय, संशय म्हणजे खात्री नाही. ती ऐकत होती. माझं मलाच ते वकिलाच्या बोलण्यासारखं वाटायला लागलं. ती मध्येच म्हणाली, "गावाकडं बी कुणी आमच्या हातातलं पाणी पेत नव्हतं. पर तिथं कुणी पट्टी लावून नव्हतं सांगितलं." तिनं ते चिडून म्हटलं नाही. हिशेब जुळत नसलेल्या माणसासारखं म्हटलं. मग उठून हात धुवायला गेली. ती हात धुवून आली आणि थोड्या वेळानं परत गेली.

त्या दिवसापासून तिनं स्वयंपाकाला हात लावणं सोडलं. पीठ काढून माझ्यासमोर परात ठेवायची आणि बाजूला सरायची. "तूच थाप." माझ्या भाकऱ्या जाड, कडेला चिरलेल्या. वडील एक घास चावत राहायचे. "ही भाकर पाठव तुझ्या लॅबला," ते म्हणाले. "हिच्यात एक बी जंतू जगणार नाही." आई हसली नाही. मग त्यांनी पुढची भाकरी कालवणात बुडवली. त्यांनी एकदाच मला बाजूला घेऊन विचारलं, "काय असंल तर दवा असतीच ना त्याला?" मी म्हटलं असते. पण आईला ताप नव्हता, पोट बिघडलेलं नव्हतं, काहीच नव्हतं. मग कशाचं औषध?

लॅबमध्ये काचेच्या बशीवर ठिपके उगवले. लालसर बशीत काळ्या मध्याचे ठिपके. पुस्तकात साल्मोनेलाचं चित्र असतं, अगदी तसे. मी ते दोनदा मोजले. त्या नळ्यांना मी हात लावायचा नाही असं ठरलं होतं, पण बघायला बंदी नव्हती.

"काळा मध्य असलेले आणखीही असतात," मॅडम म्हणाल्या. "याच घराण्यातले भाऊबंद. पट्टीलाही ते फसवू शकतात. आता नळीत घालू. जांभळी नळी आहे. शेवटी जांभळी राहिली तर तोच. पिवळी झाली तर तो नाही."

दुसऱ्या दिवशी नळी पिवळी होती. मी काकांना जवळजवळ मिठी मारली. मॅडम आल्या, त्यांनी माझा चेहरा बघितला आणि म्हणाल्या, "थांब, थांब. पिवळी आधी सगळ्यांचीच होते. तो असेल तर ती परत जांभळी होते. उद्या बघायचं."

म्हणजे जांभळी म्हणजे हो, पिवळी म्हणजे नाही, पण आजची पिवळी म्हणजे काहीच नाही. मी घरी जाऊन काय सांगणार होते? आईनं विचारलं, "काय निघालं?" मी म्हटलं, "उद्या." ती म्हणाली, "तुझ्या शिक्षणात रोज उद्याच असतं का?"

त्याच संध्याकाळी मी तिला विचारलं, "त्या दिवशी अंगण तू सारवलंस ना?"

"व्हय. सकाळी लवकर जाऊन. मामी म्हणली, तपासणीवाले यायलेत, झकास करून ठेव."

"आणि मग हात?"

"राखेनं धुतले की चांगले. का?"

 मी चाचपडत होते. पुस्तकात मी वाचलं होतं की हे सगळे जंतू जनावरांच्या आतड्यांतले. परीक्षेत ते मी लिहिलंही होतं. पण ते शेण वेगळं आणि अंगणातलं शेण वेगळं, असंच मी धरून चालले होते. शेण म्हणजे स्वच्छता. पाहुणे येणार, सण येणार, तर जमीन सारवायची. मामीला तेच वाटलं, आईला तेच वाटलं, आणि ओल्या सारवणावर पाय ठेवताना, बॅगेत निर्जंतुक काड्या असताना, मलाही तेच वाटलं. नमुने घेणारे येणार म्हणून केलेली ती सगळ्यात मोठी सफाई होती.

"पण तुलाच का सांगितलं सारवायला?" मी विचारलं.

"माझा हात बसलेला हाय. अर्धगोल कुणाचे येतेत तसे?"

"एवढंच?"

आईनं माझ्याकडे बघितलं. "आन दुसरं काय?" ती म्हणाली. प्रश्न होता की नाही, मला समजलं नाही. शेणाचं काम कोणाला सांगतात हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. पण मामी तिला आपल्या ताटाशेजारी बसवून जेवू घालायची हेही खरं होतं. दोन्ही खऱ्या गोष्टी एकाच बाईच्या. मी पुढं विचारलं नाही.

सकाळी पहिलं काम म्हणून मॅडमना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "शेण? हातांनी?"

"शेण हातांनीच सारवतात मॅडम."

"आणि तू हे मला आत्ता सांगतेस?"

"मला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही."

त्यांनी पेन परत उचललं. मग म्हणाल्या, "मीही त्याच अंगणातून आत गेले. साडी वर धरून." आणि त्या नळ्यांकडे गेल्या. नळी पिवळीच होती. आणखी एक दिवस ठेवली, तरी पिवळी. बाकीच्या नळ्यांचाही निकाल तोच आला. साल्मोनेला नव्हता. शेणात, मातीत, सांडपाण्यात सापडणारा त्याचा एक भाऊबंद होता. पट्टीनं खोटं सांगितलं नव्हतं, खरंही सांगितलं नव्हतं. आईला कोणताही आजार नव्हता. तिच्या हाताला शेणातलं काहीतरी लागलेलं होतं आणि राखेनं ते गेलं नव्हतं.

मॅडमनी अहवाल पाठवला: साल्मोनेला आढळला नाही, अंगणात शेणाचा वापर बंद करावा, हात साबणानं धुवून पावडरच्या पाण्यात बुडवावेत, सगळ्यांचे नमुने परत घ्यावेत.

मामी स्वतः खारीला आली. मी तिला आमच्या गल्लीत पहिल्यांदाच बघत होते. धापा टाकत आत येऊन ती खाली बसली. "काय गं बाय, माहेरपनाला बसलीस कं? तिकडं टोपल्या तशाच पडल्यान. चल."

आई भिंतीला टेकून उभी. "पाणी दे मामीला," ती मला म्हणाली.

"पोरीला कशाला सांगतस? तुजे हात मोडलेत कं?" मामी म्हणाली.

आईनं तांब्या भरून दिला. मामीनं तो एका दमात रिकामा केला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "अजून दे. उनाचा तरास होतंय."

दुसरा तांब्या देताना आई म्हणाली, "मामी, मी येते. पर परत हात तपासणार हायेत ना? तवा समद्यांचे तपासायचे. तुमचे बी."

"माजे? मी कुठं सोलताव?"

"टोपलीत हात घालता ना तुम्ही, माल बघायला."

मामी हसायला लागली आणि मध्येच थांबली. आई हसत नव्हती. "बरं बाय," मामी म्हणाली. "माजे पन."

ती गेल्यावर आईनं मला विचारलं, "तुझ्या हाताला लावली का कधी ती पट्टी?"

"नाही."

"का?"

 नियमात नव्हतं, असं म्हणता आलं असतं. लॅबमध्ये आम्ही हातमोजे घालतो, असंही. दोन्ही खरं होतं आणि दोन्हीनं तिच्या प्रश्नाचं उत्तर होत नव्हतं.

परत नमुने घ्यायला गेलो तेव्हा मी मॅडमना रिक्षातच सांगितलं, की या वेळी मी कुणाचाही हात घेणार नाही, आणि माझाही नमुना घ्या. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. अंगण कोरडं होतं. सारवणाचे पोपडे निघाले होते आणि वाऱ्यानं माती उडत होती. खरं सांगायचं तर ते मला घाण वाटलं.

रांगेत सगळ्यात पुढे मामीला उभं केलं. बायका खिदळायला लागल्या. "मामी, घाबरू नको, सुई न्हाय टोचत." मामी हात पुढे करून अवघडून उभी होती, तळवे वर करायचे की खाली हे तिला कळेना. "मना कसातरीच वाटतंय," ती पुटपुटली. "चोरी केल्यासारखा."

"तसंच वाटतं," आई मागून म्हणाली. एवढंच. बायकांचं हसणं कमी झालं.

मॅडमनी सगळ्यांचे हात घेतले, शेवटी माझा. कापूस गार होता. बोटांच्या बेचक्यांतून तो फिरत असताना सगळ्या जणी माझ्याकडे बघत होत्या, आणि मला माझे हात कुठं ठेवावेत ते कळेना, जरी ते मॅडमच्याच हातात होते.

त्या वेळच्या सगळ्या पट्ट्यांवर एकेकच रेघ आली. मॅडमनी मला त्या दाखवल्या तेव्हा मी प्रत्येक पट्टी खिडकीशी नेऊन बघितली, आणि खोटं का सांगू, एकदोन पट्ट्यांवर मला दुसरी आहे असं वाटलं. मॅडम म्हणाल्या, "नाहीये. आता पुरे." बशांमध्येही काही उगवलं नाही. आईला ते सांगितलं तर ती म्हणाली, "मामीचं बी?" मी हो म्हटलं. "तुझं बी?" माझंही. तिनं मान हलवली, जसं हे तिला आधीच ठाऊक होतं, किंवा जसं आता त्याचा काही उपयोग नव्हता.

पण ते नंतरचं. नमुने घेतले त्या दिवशी मॅडम बॅग आवरत होत्या आणि मी दारात उभी राहून आत बघत होते. बायका टेबलांवर परतल्या. आई साबणानं हात धुवून, पावडरच्या पाण्यात बुडवून तिच्या जुन्या जागेवर गेली. शेजारच्या बाईनं मधली टोपली उचलून थोडी पलीकडे सरकवली. आईला बसायला जागा करून दिली, की मध्ये अंतर ठेवलं, मला दारातून कळलं नाही. आईनं एकदा टोपलीकडे बघितलं, हात लांब करून ती परत आपल्याकडे ओढली आणि सोलायला सुरुवात केली.